रविवारी सामना, मग मिस्सा कधी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वसईचं कॅथलिक घर, टेक्सासला येऊन बारा वर्षं झाली. मुलगा कॉलेजात बेसबॉल खेळतो, पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकणारा, आणि येत्या जुलैच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कुठला तरी संघ आपल्याला घेईल अशी त्याला आशा आहे. घरात रविवारची मिस्सा कधी चुकलेली नाही. व्यावसायिक झाला की रविवारी सामना ठरलेला, हे वसईच्या आजीला कसं सांगायचं ते तुम्हाला सुचत नाहीये. त्यातच टीव्हीवर होम रन, म्हणजे बेसबॉलचा षटकार, मारून आभाळाकडे बोट दाखवणारे आणि बॅटवर वचन कोरणारे खेळाडू पाहून तुम्ही विचारलंय की यातलं खरं किती आणि दिखावा किती. शेवटी जरा बिचकत हेही विचारलंय, की श्रद्धेचा खेळात काही उपयोग होतो का?

मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न तुम्ही लिहिलेलाच नाही. हा धंदा पोराला आतून पोखरेल का, आणि पोखरायला लागला तर त्याला धरायला काय असेल, ही तुमची काळजी आहे. तिच्याकडे येतोच.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं म्हणणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी नगरचा, पाळकाचा नातू. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ साली नगरला आली आणि आमच्या आजोबांचं शिक्षण त्यांच्याच शाळेत झालं. आता त्यांच्या मुलुखात येऊन मी त्यांच्या पोरांना शास्त्र सांगतो. आजोबा असते तर पोट धरून हसले असते. पोटापाण्यासाठी मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतो. गेली सोळा वर्षं एका लहान शहरातल्या मायनर लीग संघाचं, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायरीवरच्या संघाचं, रविवारचं चॅपल घेतो, म्हणजे सामन्याआधीची छोटी उपासना. या कामाला पगार नसतो. बेसबॉल मला धड खेळता येत नाही. पहिले दोन सीझन तर इनफिल्ड फ्लायचा नियम कळल्यासारखा चेहरा करून बसायचो. पण खेळणारी पोरं जवळून पाहिली आहेत, त्यातली मोजकी वर पोचलेली आणि बाकीची परत गेलेली.

रविवारचं आधी घेतो, कारण त्याचं निम्मं तरी उत्तर माझ्याकडे आहे.

मायनर लीगमध्ये २०२१ पासून बहुतेक आठवडे सारखेच असतात. मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा सामने आणि सोमवारी सुट्टी. म्हणजे विसावा आहे, फक्त एक दिवस उशिरा येतो. रविवारचा सामना बहुधा दुपारी एक-दोनला असतो. शनिवारचा सामना रात्री दहाला संपतो, त्यामुळे शनिवार संध्याकाळची मिस्सा जमत नाही. उरते रविवार सकाळची, सात-आठची. संघ घरच्या मैदानावर असेल आणि पोराकडे गाडी असेल तर ती जमते. आमच्याकडचा एक डॉमिनिकन कॅचर (बेसबॉलचा यष्टिरक्षक म्हणा) दोन वर्षं सकाळच्या स्पॅनिश मिस्सेला जायचा आणि तिथून थेट मैदानावर यायचा. दौऱ्यावर असताना मात्र हॉटेल हायवेच्या कडेला, गाडी नाही, आणि साडेदहाला संघाची बस. तिथे बहुतेकांचं सुटतं. वर मेजर लीगमध्ये बरं आहे. कॅथलिक अॅथलीट्स फॉर ख्राइस्ट नावाची संस्था बऱ्याच स्टेडियममध्ये मिस्सेची सोय करते. खाली तेवढं नसतं. अशा रविवारी सूट मिळते का, ते तुमच्या फादरना विचारा. मी प्रॉटेस्टंट माणूस, तो अधिकार माझा नाही. आणि आजीला आधीच स्पष्ट सांगून ठेवा की चॅपल म्हणजे मिस्सा नव्हे, तिथे कम्युनियन मिळत नाही. नाहीतर नंतर तिला वाटेल की पोराने फसवलं.

हा पेच तुमच्या घरापासून सुरू झालेला नाही. क्रिस्टी मॅथ्यूसन या पिचरने ३७३ सामने जिंकले, १९३६ साली हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सन्मान-दालनात, गेलेल्या पहिल्या पाच जणांत तो होता. रविवारी चेंडू टाकणार नाही, असा शब्द त्याने आईला दिला होता. तेव्हा तो पाळणं तुलनेने सोपं होतं, कारण न्यूयॉर्कमध्ये रविवारच्या व्यावसायिक सामन्यांना १९१९ पर्यंत कायद्यानेच मनाई होती. बॉस्टनमध्ये ती १९२९ ला उठली, फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गला थेट १९३४ ला. जिथे मनाई नव्हती तिथे खेळाडूला किंमत मोजावी लागे. ब्रँच रिकी नावाच्या तरुण कॅचरने १९०४ साली सिनसिनाटीत रविवारी खेळायला नकार दिला आणि संघाने त्याला घरी पाठवलं. ज्याचं आडनावच रविवार होतं त्या बिली संडेने तर १८९१ मध्ये खेळच सोडला आणि वाय.एम.सी.ए.त दरमहा ८३ डॉलरवर काम धरलं. पुढे तो अमेरिकेतला त्या काळचा सगळ्यात गाजलेला सुवार्तिक झाला.

रिकीची पुढची गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती नीट बसत नाही. तो मोठा संघचालक झाला. आईला दिलेल्या शब्दाखातर रविवारी स्वतः मैदानावर जात नसे, पण रविवारची तिकिटं विकली जायची आणि गल्ला जमा व्हायचा. लोक टोमणे मारायचे. आणि याच माणसाने १९४५ च्या ऑगस्टमध्ये जॅकी रॉबिन्सनला, म्हणजे पुढे आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरलेल्या माणसाला, ब्रुकलिनच्या ऑफिसात समोर बसवून विचारलं, की उलट हात न उगारण्याइतकं धैर्य तुझ्यात आहे का? दोघेही मेथडिस्ट. 'दुसरा गाल' म्हणजे काय, हे एकमेकांना समजावून सांगावं लागलं नाही. रॉबिन्सन रोज रात्री पलंगाशेजारी गुडघे टेकून प्रार्थना करायचा. १५ एप्रिल १९४७ ला तो मैदानात उतरला आणि नंतर त्याने जे ऐकून घेतलं ते तुम्हाला ठाऊकच असेल. रिकीचा रविवार ढोंगी होता का? मला ती एक ओढाताणीची तडजोड वाटते. अर्थात मी स्वतः दर रविवारी माझी मंडळी सोडून स्टेडियमवर जातो, तेव्हा माझं मत थोडं वजा करून घ्या.

पुढे सगळेच रविवारी खेळायला लागले आणि पर्याय एकच उरला, देवळाने खेळाडूकडे जायचं. साठच्या दशकात न्यूयॉर्क यांकीजचा सेकंड बेसमन बॉबी रिचर्डसन दौऱ्यावर असताना सहकाऱ्यांना जमवून रविवार सकाळी उपासना करायचा. १९७३ मध्ये डेट्रॉइटचे क्रीडा पत्रकार वॉटसन स्पोल्स्ट्रा यांनी मेजर लीगचे प्रमुख, कमिशनर बोवी कून यांच्या संमतीने बेसबॉल चॅपल सुरू केलं. मुलीच्या जीवघेण्या आजारपणात हा माणूस देवाकडे वळला होता. आज मेजर आणि मायनर लीगच्या संघांना रविवारी चॅपल मिळतं. यजमान संघाचं वेगळं, पाहुण्यांचं वेगळं. अंपायरांचीही सोय असते, कारण त्यांच्यासाठी प्रार्थना करणारं दुसरं कुणी नसतं.

आता आमच्याकडे प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. 'चॅपल' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर रंगीत काचा आल्या असतील तर त्या काढून टाका. आम्ही व्यायामाच्या खोलीत बसतो. ती रिकामी नसेल तर कपडे धुण्याच्या खोलीत, टॉवेलांच्या ढिगावर. पंधरा मिनिटं, फार तर वीस. कधी चौदा जण येतात, कधी दोन. एकाचा खांदा बर्फात बांधलेला, एकाच्या हातात सँडविच, एक नुसताच भिंतीला टेकून. निम्मे स्पॅनिश बोलणारे. माझं स्पॅनिश लॅबमधल्या सहकाऱ्यांकडून शिकलेलं, त्यामुळे कुणीतरी कॅचर दुभाषाचं काम करतो आणि मी दोन मिनिटांत सांगितलेलं तो पाच मिनिटं सांगतो. त्यात स्वतःचं काय घालतो देव जाणे, पण पोरं मान डोलावतात. प्यूर्टो रिको, व्हेनेझुएला, डॉमिनिकन रिपब्लिक इथली बरीच पोरं कॅथलिक घरांतली, काही पेंटेकोस्टल, काहींना फरक ठाऊक नाही आणि विचारायची गरजही वाटत नाही. एक शास्त्रपाठ, त्यावर चार वाक्यं, मग कुणासाठी प्रार्थना करायची ते विचारतो. इथे पोरं बोलतात. आईचं ऑपरेशन, बायको दुसऱ्या राज्यात आणि दिवस भरत आलेले, भावाने पैसे मागितले. सोळा वर्षांत 'मला होम रन मिळू दे' अशी विनंती कुणी केल्याचं आठवत नाही. मनात करत असतील, ते वेगळं.

मी स्वतःला काही नियम घालून घेतलेत. सही मागायची नाही, फोटो काढायचा नाही, फुकट तिकीट घ्यायचं नाही, खोलीतलं बाहेर सांगायचं नाही. म्हणून इथेही कुणाची ओळख पटेल असं काही लिहिणार नाही. आणि खेळाबद्दल सल्ला द्यायचा नाही. हा नियम पाळणं मला फारच सोपं जातं.

दिखाव्याचं बघू. आभाळाकडे पाहणं आपल्याला नवीन नाही. १९९९ च्या विश्वचषकात वडील गेल्यानंतर सचिनने केनियाविरुद्ध शतक काढून वर पाहिलं तेव्हा कुणी त्याला दिखावा म्हटलं नाही, कारण मागची गोष्ट आपल्याला माहीत होती. इथल्या पोरांच्या मागची गोष्ट आपल्याला माहीत नसते, एवढाच फरक. एड्रियन गोन्झालेझच्या बॅटवर स्तोत्र २७:१ चा उल्लेख कोरलेला असायचा. तो वाचून चेंडू वळत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. काहींसाठी ही खूण असते, काहींसाठी सवय, काहींसाठी चक्क टोटका. बेसबॉल हा टोटक्यांचा खेळ आहे. वेड बॉग्ज प्रत्येक सामन्याआधी चिकनच खायचा. कित्येक जण फाउल लाइनवर पाय ठेवत नाहीत. अशा हवेत गळ्यातला क्रूस आणि नशिबाचा मोजा एकाच खुंटीला कधी टांगले जातात, ते पोराला स्वतःला कळत नाही. मी एकदा एका पिचरला विचारलं, "क्रूस विसरलास तर खेळशील का?" तो बराच वेळ गप्प राहिला. पुढच्या रविवारी मुद्दाम न घालता आला, सहा धावा दिल्या आणि मला म्हणाला, "आता खात्रीने सांगतो, तो टोटकाच होता." त्याने क्रूस परत घातला, पण म्हणाला, आता कशासाठी घालतोय ते माहीत आहे.

तेव्हा टीव्हीवरून पारख करू नका. एक उदाहरण देतो. जॉश हॅमिल्टन १९९९ च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू. अमली पदार्थांत बुडाला, निलंबित झाला, श्रद्धेच्या आधाराने उभा राहिला आणि २०१० मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वर्षी टेक्सासच्या सहकाऱ्यांनी विजय साजरा करताना त्याच्यासाठी शॅम्पेनऐवजी जिंजर एल, म्हणजे बिनदारूचं आल्याचं पेय, उडवलं. सुंदर साक्ष झाली, इथे थांबलं तर. पण तो २००९ मध्ये एकदा घसरला होता, २०१२ मध्ये पुन्हा, २०१५ मध्ये पुन्हा, आणि प्रत्येक वेळी ते जगजाहीर झालं. लोक म्हणाले, बघा, सगळं खोटं होतं. मी लॅबमध्ये काम करतो, व्यसन शरीराचं काय करतं ते नळीत पाहतो. घसरणारा माणूस प्रार्थना खोटी करतो असं मला वाटत नाही. पण विजयाच्या दिवशी माईकसमोर दिलेली साक्ष त्याच्या मानगुटीवर बसते, हे नक्की. म्हणून पोरांना मी सांगतो, साक्ष द्यायची घाई करू नका. मंडळ्या बोलावतील, माईक देतील, वीस-बावीस वर्षांच्या पोराला म्हातारा संत करून टाकतील.

आता उपयोगाचं. पिचर ऑरेल हर्शायझरने १९८८ मध्ये सलग ५९ डाव (एका सामन्यात सहसा नऊ असतात) एकही धाव दिली नाही आणि वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, दोन डावांच्या मध्ये डगआउटमध्ये बसून तो स्वतःशी उपासनेची गीतं गुणगुणत होता. मन शांत ठेवायला. तेवढा उपयोग होतो, हे मीही पाहिलंय. श्वास लांबतो, खांदे खाली येतात. आमच्याकडे वारकरी भजनाने तेच साधतो. पण यापुढे जाऊन देव आपल्या संघाकडून खेळतो असं म्हटलं की गोंधळ होतो, कारण समोरच्या खोलीतही चॅपल चालू असतं. उलटा आरोपही होतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्को जायंट्समध्ये बरेच नव्याने विश्वासात आलेले खेळाडू होते, पत्रकारांनी त्यांना 'गॉड स्क्वॉड' नाव दिलं आणि हे हरले तरी देवाची इच्छा म्हणून गप्प बसतात अशी टीका झाली. आमच्या कोचांपैकी एक-दोन जण अजूनही चॅपलकडे त्याच नजरेने पाहतात.

खेळाडूंचं लाडकं वचन म्हणजे फिलिप्पैकरांस पत्र ४:१३, ज्यात पौल म्हणतो की मला सामर्थ्य देणाऱ्यामुळे मी सगळं करू शकतो. बुटांवर, मनगटांवर, गाडीच्या काचेवर, सगळीकडे. मी दर एप्रिलमध्ये त्याआधीची दोन वचनं वाचायला लावतो. तिथे पौल तुरुंगातून लिहितोय की भरल्या पोटी कसं राहायचं आणि उपाशी कसं राहायचं, दोन्ही मी शिकलो. म्हणजे ते 'सगळं' जिंकण्याबद्दल नाहीच, रिकाम्या ताटाबद्दल आहे. दर वर्षी कुणीतरी म्हणतं, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

रिकामं ताट हा शब्द मी सजावटीसाठी वापरलेला नाही. २०२३ च्या करारापूर्वी या पोरांपैकी लो-ए या खालच्या पायरीवरच्यांना वर्षाला ११ हजार डॉलरच्या आसपास मिळायचे. त्या कराराने ते २६,२०० झाले आणि सगळ्यात वरच्या ट्रिपल-एमध्ये ३५,८००. तिथून एक पायरी वर मेजर लीगमध्ये किमान पगार २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर होता. मधली ही दरी पोरं दिवसातून दहा वेळा मनात मोजतात. आणि खेळही असा, की दहातल्या सात वेळा बाद होणारा फलंदाज उत्तम गणला जातो. क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झालात तर पुढच्या सामन्यापर्यंत दोन-चार दिवस मिळतात. इथे उद्या संध्याकाळी पुन्हा, परवा पुन्हा. आपण कोण, हे रोज रात्री आकड्यांत छापून येतं. अशा वेळी आकड्यांवर अवलंबून नसलेलं एक तरी नाव पोराला लागतं, कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी भाऊ, देवाचं लेकरू. माझ्या अनुभवात श्रद्धेचं या धंद्यातलं सगळ्यात मोठं काम हेच आहे, आणि ते टीव्हीवर दिसत नाही.

आता माझी चूक सांगतो. सहाव्या-सातव्या वर्षी एका पोराला संघाने सोडलं. सकाळी मॅनेजरच्या खोलीत बोलावलं, पाच मिनिटांत करार संपला. तो लॉकर रिकामा करत होता. मी जवळ जाऊन, सगळे म्हणतात तसं म्हणालो, "देवाची काहीतरी योजना असेल."

त्याने मान वर केली. "तुम्हाला माहीत आहे ती?"

"नाही."

"मग कशाला सांगता?"

तो उद्धट नव्हता, थकलेला होता. त्या दिवसापासून ते वाक्य मी बंद केलं. आता बॅग उचलून गाडीपर्यंत जातो, पेट्रोलला पैसे आहेत का विचारतो आणि आठवड्याने फोन करतो. पहिल्या आठवड्यात सगळेच फोन करतात, म्हणून तिसऱ्या आठवड्यात पुन्हा.

'योजना' या शब्दाची भीती मला डेव्ह ड्राव्हेकीमुळेही वाटते. जायंट्सचा डावखुरा पिचर, उघडपणे ख्रिस्ती. १९८८ मध्ये त्याच्या डाव्या दंडात गाठ निघाली आणि खांद्याच्या स्नायूचा निम्मा भाग काढावा लागला. डॉक्टरांना आशा नव्हती, तरी १० ऑगस्ट १९८९ ला तो मैदानात परतला आणि जिंकला. देशभर चमत्कार-चमत्कार झालं. पाचच दिवसांनी माँट्रियलमध्ये चेंडू टाकताना दंडाचं हाड मोडलं, आवाज मैदानभर ऐकू गेला. १९९१ मध्ये हात कापावा लागला. मग त्या पाच दिवसांतला चमत्कार कुठे गेला? ड्राव्हेकीने नंतर आपल्या नैराश्याबद्दल मोकळेपणाने सांगितलं आणि आजारी माणसांसोबत काम करत राहिला. त्याची श्रद्धा टिकली, पण पाच दिवसांपूर्वीची गोष्ट सांगणाऱ्यांनी कल्पिली होती तशी नाही.

मारियानो रिव्हेराचंही असंच काहीसं. यांकीजचा पिचर, ६५२ सेव्ह्ज, म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखत संपवलेले सामने, आणि हॉल ऑफ फेममध्ये एकमताने गेलेला पहिला खेळाडू. २००१ च्या वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात त्याच्या हातून विजय निसटला. यांकीज जिंकले असते तर मिरवणूक निघाली असती आणि त्याचा सहकारी एन्रिके विल्सन त्यानंतरच्या विमानाने घरी डॉमिनिकन रिपब्लिकला गेला असता. मिरवणूक झाली नाही, तो आधीच निघून गेला, आणि ते विमान १२ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये कोसळलं. रिव्हेराने म्हटलंय की हरलो याचा आनंद आहे, मित्र उरला. मित्राबद्दलची कृतज्ञता म्हणून मला हे पटतं. पण विमानातल्या २६० माणसांच्या घरी जाऊन हेच वाक्य म्हणता येईल का? नाही. स्वतःबद्दल बोलताना 'देवाने केलं' म्हणावं, दुसऱ्याच्या बाबतीत तोंड आवरावं, एवढं मी यातून घेतलं.

तोंड आवरण्यावरून आणखी एक. २००५ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सच्या चॅपलमध्ये एका खेळाडूने विचारलं, येशूला न मानणारे ज्यू लोक नरकात जाणार का? चॅपल घेणाऱ्याने होकारार्थी मान हलवली. ते वर्तमानपत्रात आलं, गदारोळ झाला, संघाने त्याचं काम थांबवलं, खेळाडूने माफी मागितली. क्लबहाऊस ही कामाची जागा आहे. तिथे ज्यू असतो, काहीच न मानणारा असतो, आणि जो स्वतःबद्दल कुणालाच काही सांगत नाही असाही एखादा असतो. समलिंगी व इतर एलजीबीटी माणसांच्या सन्मानार्थ संघ एका सामन्याला 'प्राइड नाइट' ठेवतात, तिच्यावरून हे फार टोकाला गेलंय. २०२२ मध्ये टॅम्पा बेच्या पाच पिचरनी इंद्रधनुष्याचं चिन्ह लावायला नकार दिला. २०२५ मध्ये क्लेटन कर्शॉने त्या रात्रीच्या टोपीवर उत्पत्ती ९:१२-१६ असं लिहिलं, जिथे इंद्रधनुष्य ही देवाच्या कराराची खूण आहे. आमच्या पोरांत यावर दोन्ही बाजू आहेत. मी चॅपलमध्ये हा विषय काढत नाही. पळवाट म्हणा हवं तर. पण भिंतीला टेकून गप्प उभा असलेला पोरगा कोण आहे हे मला ठाऊक नसतं, आणि पुढच्या रविवारीही त्याला यावंसं वाटलं पाहिजे. आणि बेसबॉलमधली सगळ्यात गाजलेली धार्मिक सुट्टी घेतली ती ज्यू माणसाने. सँडी कोफॅक्स १९६५ च्या वर्ल्ड सीरिजचा पहिला सामना योम किप्पुर, म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा पवित्र दिवस, म्हणून खेळला नाही. आजीला ही गोष्ट जरूर सांगा, तिला आवडेल.

म्हणजे रविवार अडखळतच जाईल, मिस्सा काही जमतील, काही बुडतील. खुणांवरून खरं-खोटं ठरवू नका. खेळ सुधारेल या आशेने श्रद्धेकडे पाहाल तर दोन्ही बिघडतील. बाकी बरंच संघावर, शहरावर आणि खोलीत शेजारी कोण मिळतो यावर आहे. देवभक्त पोरगा वाईट संगतीत वाहून जाताना मी पाहिलाय, आणि कधी देवळात न गेलेला पोरगा दुसऱ्याच्या आईसाठी प्रार्थना करायला शिकतानाही.

तुमच्या हातात काय आहे ते लिहितो. ड्राफ्टनंतर तो कुठल्या गावी जातोय कळलं की तिथल्या पॅरिशचा फोन नंबर आणि सकाळच्या मिस्सेची वेळ काढून त्याला पाठवा, एकदाच, उपदेश न जोडता. गावात मल्याळी किंवा गोवेकर कॅथलिक कुटुंब सापडलं तर सोन्याहून पिवळं, घरचं जेवण मिळेल. आणि फोन सोमवारी करा, सुट्टीचा दिवस असतो. अकराच्या आधी नको, बसने पहाटे पोचून झोपलेला असतो. किती विकेट घेतल्या, म्हणजे आपलं ते स्ट्राइकआउट किती, हे विचारू नका. ते तुम्हाला इंटरनेटवर दिसतंच, आणि तुम्ही पाहिलंय हे त्यालाही माहीत असतं. जेवलास काय, तेवढं विचारा. आजीला पलीकडे धरून ठेवा. वसईत तेव्हा रात्रीचे साडेनऊ-दहा झालेले असतील, तेवढं जागायला सांगा.